विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सुरक्षेची जबाबदारी कोणाच्या नावावर लिहावी

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० वर चालणारे एक गॅमा विकिरण यंत्र होते. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये अन्य निरुपयोगी सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला, ते मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचले, तेथे ते फोडले गेले आणि आत काय आहे याची कल्पना नसलेल्या माणसांनी त्यातील तुकडे हाताळले. एप्रिलमध्ये त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला व इतर अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा काळ, सुमारे ५.२७ वर्षे आहे. म्हणजे यंत्र बंद पडल्यापासूनच्या २५ वर्षांत त्याचा किरणोत्सार घटून सुमारे एक सत्ताविसांश उरला होता, आणि तेवढाही जीव घेण्यास पुरला.

किरणोत्सारी स्रोतांबाबतचे नियम त्या वेळीही अस्तित्वात होते. मात्र हे यंत्र विकता येत नाही असे सांगणारे कोणी निर्लेखनाच्या, म्हणजे निरुपयोगी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याच्या, वेळी समोर नव्हते, किंवा असल्यास त्याचे म्हणणे कागदावर नव्हते. विद्यापीठात हे घडणे कारखान्यापेक्षा सोपे असते. कारखान्यात तीच प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. संशोधनात दर महिन्याला प्रयोग बदलतो, पीएच.डी.चा विद्यार्थी पाच-सहा वर्षांत निघून जातो, विभागप्रमुखपद बहुतेक ठिकाणी फिरते असते आणि प्राध्यापक निवृत्त होतात. बाटल्या, सिलिंडर आणि स्रोत मात्र कपाटात तसेच राहतात. म्हणून सुरक्षेची जबाबदारी केवळ पदाला न जोडता प्रत्येक वस्तूला व प्रत्येक कामाला जोडावी आणि माणूस बदलला की ती लेखी हस्तांतरित व्हावी. हे प्रत्यक्षात कसे करावे हे पुढे मांडले आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठाचा संशोधन करणारा विज्ञान विभाग त्यासाठी डोळ्यांसमोर ठेवला आहे.

आधी आदेश काढा

पहिले काम प्रयोगशाळेत नसून कार्यालयात आहे. बहुतेक विभागांत एक सुरक्षा समिती असते, तिची वर्षातून एकदा बैठक होते, इतिवृत्त लिहिले जाते आणि ते नस्तीत लागते. समिती असावी, कारण तपासणी व सल्ला यांसाठी चार डोकी चांगली. परंतु गळणाऱ्या व्हॉल्व्हसमोर समिती उभी नसते, तेथे एखादी द्वितीय वर्षाची संशोधक विद्यार्थिनी उभी असते. तेव्हा समितीच्या स्थापनेच्या आदेशाबरोबरच कुलसचिवांच्या सहीने दुसरा कार्यालयीन आदेश काढावा, ज्यात पुढील गोष्टी व्यक्तीच्या नावानिशी लिहिलेल्या असतील.

कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख कार्यकारी अधिकारी असल्यामुळे सुरक्षेसाठी पैसा, मनुष्यबळ आणि अधिकार उपलब्ध करून देणे ही जबाबदारी त्यांची आहे, व ती खाली सोपवता येत नाही. इमारत, वीज, वायुवीजन, अग्निशमन यंत्रणा आणि आपत्कालीन मार्ग यांची जबाबदारी विद्यापीठ अभियंत्याची. विभागातील सामाईक जागा, भांडार, टाकाऊ रसायनांची खोली व विभागाची एकत्रित यादी विभागप्रमुखाकडे. प्रत्येक संशोधन प्रयोगशाळेत काय चालते, कोण करते आणि त्याला ते करण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे की नाही, याची जबाबदारी त्या प्रयोगशाळेच्या मार्गदर्शकाची. मिळालेले प्रशिक्षण पाळणे, दिलेली साधने वापरणे आणि काही बिघडल्यास सांगणे हे काम करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे, मग तो संशोधक असो, प्रयोगशाळा सहाय्यक असो वा परिचर. प्रत्येक नावासमोर एक पर्यायी नावही असावे, कारण मे महिन्यात अर्धा विभाग रजेवर असतो आणि अपघात रजा पाहून होत नाहीत.

या आदेशात दोन अधिकार न विसरता लिहावेत. पहिला, काम थांबवण्याचा: धोका दिसल्यास कोणीही, अगदी नव्याने आलेला विद्यार्थीही, चालू प्रयोग थांबवू शकतो आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारणार नाही. आपल्याकडे मार्गदर्शकाच्या शब्दावर प्रबंधाचे भवितव्य अवलंबून असते, त्यामुळे हे वाक्य आदेशात नसेल तर हा अधिकार कोणी वापरणार नाही. असूनही कमीच वापरला जाईल, हे मान्य करूनच ते लिहावे. दुसरा अधिकार खर्चाचा. फ्यूम हूडचा (विषारी वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाचा) पंखा बंद पडला असताना दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके मागवून दोन महिने वाट पाहावी लागत असेल, तर त्या दोन महिन्यांत विभागप्रमुखाला जबाबदार धरणे अन्यायाचे आहे. सुरक्षेच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी त्याला थेट खर्चाची मर्यादा आखून द्यावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत तो हूड कुलूपबंद ठेवण्याचे बंधनही घालावे.

कर्मचारी कोण, हे आधीच ठरवा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील प्रयोगशाळेत २९ डिसेंबर २००८ रोजी २३ वर्षांची एक संशोधन सहाय्यक टर्शरी-ब्यूटिललिथियम हे हवेत आपोआप पेट घेणारे रसायन प्लास्टिकच्या सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, द्रव उडाला आणि तिच्या अंगावरील कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. तिने लॅबकोट घातलेला नव्हता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. पुढे विद्यापीठ आणि मार्गदर्शक प्राध्यापक या दोघांवरही फौजदारी खटला दाखल झाला. प्रयोगशाळेतील अपघातासाठी प्राध्यापकाला व्यक्तिशः न्यायालयात उभे राहावे लागल्यामुळे जगभरातील विद्यापीठांनी या प्रकरणाची दखल घेतली. यातील एक बाब आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. ती पगारी कर्मचारी होती म्हणून तेथील कामगार सुरक्षा कायदा लागू झाला. त्याच टेबलाशी तेच काम करणारी ती केवळ विद्यार्थिनी असती, तर त्या कायद्याचे संरक्षण तिला मिळाले नसते.

आपल्या विभागात एकाच खोलीत कायम प्राध्यापक, प्रकल्पावरील कंत्राटी सहाय्यक, फेलोशिपवरील संशोधक, पदव्युत्तर विद्यार्थी आणि ठेकेदाराने पाठवलेला सफाई कामगार असे पाच प्रकारचे लोक वावरतात, आणि अपघातानंतर भरपाई, उपचाराचा खर्च व विमा यांबाबत पाचही जणांची स्थिती वेगळी असते. म्हणून प्रवेशाच्या किंवा रुजू होण्याच्या दिवशीच प्रत्येकाच्या नावापुढे त्याला कोणता विमा लागू आहे आणि उपचाराचा खर्च कोण करणार हे लिहून घ्यावे. ज्यांच्यासमोर काहीच लिहिता येणार नाही, त्यांच्यासाठी विद्यापीठाने गट अपघात विमा घ्यावा. सुरक्षेचे नियम मात्र पाचही जणांना सारखेच लागू करावेत. सफाई कामगाराचा उल्लेख मुद्दाम केला आहे: कचऱ्याच्या डब्यातील फुटलेली काच आणि सुई शेवटी त्याच्याच हाताला लागते, आणि प्रशिक्षणाच्या उपस्थितीपत्रकावर त्याचे नाव क्वचितच असते.

यादी करा, आणि यादीला माणूस जोडा

सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम हे आहे. उपकरणांसाठी डेडस्टॉक रजिस्टर आधीच असते. त्यातच दोन स्तंभ वाढवावेत: सध्या जबाबदार व्यक्ती आणि धोक्याचा प्रकार. किरणोत्सारी स्रोत, क्ष-किरण यंत्र, लेसर, उच्चदाब पात्र, पारा असलेली उपकरणे आणि पीसीबी या विषारी रसायनाने युक्त तेल असण्याची शक्यता असलेले जुने ट्रान्सफॉर्मर यांच्या नोंदीवर लाल शाईने ‘सुरक्षा अधिकाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय निर्लेखन नाही’ असे लिहावे. निर्लेखन समितीत भांडारपाल आणि लेखाधिकारी असतात. तेथे वस्तूचा धोका ओळखणारा एक माणूस असलाच पाहिजे. मायापुरीची घटना नेमकी याच टप्प्यावर टळू शकली असती.

रसायनांसाठी वेगळी यादी लागते. प्रत्येक बाटलीवर ती कधी आली, कधी उघडली आणि कोणाची, या तीन गोष्टी लिहाव्यात. उघडल्याची तारीख ही औपचारिकता नव्हे. डायइथाइल इथर, टेट्राहायड्रोफ्युरान आणि विशेषतः डायआयसोप्रोपिल इथर यांत हवेच्या संपर्काने हळूहळू पेरॉक्साइड साठतात. अशी जुनी बाटली आटवताना, ऊर्ध्वपातन करताना किंवा नुसते झाकण फिरवतानाही स्फोट होऊ शकतो. झाकणाभोवती किंवा द्रवात स्फटिक दिसत असतील तर त्या बाटलीला हात न लावता खोली रिकामी करावी आणि जाणकाराला बोलवावे. कपाटात मांडणी वर्णानुक्रमे करू नये. वर्णक्रम लावला की नायट्रिक आम्ल कोणत्या तरी सेंद्रिय द्रावकाच्या शेजारी जाऊन बसते. ऑक्सिडीकारक, ज्वलनशील, आम्ल, अल्क आणि पाण्याशी पेटणारी अशी गटवारी करून मगच गटाच्या आत वर्णक्रम लावावा.

अशी यादी करताना पहिल्या वर्षी शेकडो अशा बाटल्या सापडतील ज्यांचा मालक कोणालाच ठाऊक नसतो. त्या लपवण्याचा मोह होतो; विभागप्रमुखाने अशा वेळी दोषारोप न करता त्या आपल्या नावावर घ्याव्यात आणि विल्हेवाटीसाठी पाठवाव्यात. ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेली १९९० मधील बाटली कोणालाही लागत नाही.

प्रयोगापूर्वीचे एक पान

टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये निकेल हायड्राझिन परक्लोरेट या स्फोटक संयुगाचे कण फोडताना स्फोट झाला आणि एका संशोधक विद्यार्थ्याची तीन बोटे गेली. मार्गदर्शकांनी एका वेळी १०० मिलिग्रॅमहून अधिक तयार करू नये असे सांगितले होते, पण ते तोंडी. विद्यार्थ्यांनी सुमारे १० ग्रॅम, म्हणजे शंभरपट, तयार केले होते, कारण वेगवेगळ्या चाचण्यांसाठी एकाच घाण्यातील नमुना हवा होता. हा विचार शास्त्रीय दृष्टीने समजण्यासारखा आहे, आणि म्हणूनच तोंडी मर्यादा अशा वेळी टिकत नाही.

नव्या प्रत्येक प्रयोगासाठी एक पान लिहावे: कोणते पदार्थ, कमाल किती प्रमाणात, काय चुकू शकते, चुकल्यास पहिल्या मिनिटात काय करायचे, आणि कोणता बदल केल्यास पुन्हा परवानगी घ्यावी लागेल. विद्यार्थ्याने लिहावे, मार्गदर्शकाने वाचून सही करावी. प्रमाण तिपटीहून अधिक वाढले, तापमान किंवा दाब वाढला अथवा द्रावक बदलला, की नवे पान. पान लांबलचक झाले तर ते नक्कल करून भरले जाईल, म्हणून ते एकच असावे. ज्या पानात ‘काय चुकू शकते’ या प्रश्नापुढे ‘काही नाही’ असे लिहिले आहे, ते मार्गदर्शकाने परत करावे.

काही रसायनांसाठी उपाय आधी हजर असल्याशिवाय परवानगीच देऊ नये. हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरणार असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल, मुदत न संपलेले, हाताशी हवे. हे आम्ल सुरुवातीला फारसे न दुखवता कातडीतून आत जाते आणि रक्तातील कॅल्शियम कमी करून हृदय बंद पाडू शकते. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे काच धुण्याचे मिश्रण वापरल्यावर त्याची बाटली कधीही घट्ट बंद करू नये आणि त्यात ॲसिटोनचा थेंबही जाऊ देऊ नये. द्रव नायट्रोजनचे एक लिटर वायुरूपात सुमारे ७०० लिटर होते, त्यामुळे ते लहान बंद खोलीत ओतू नये, आणि भांडे लिफ्टने नेताना माणसाने त्याच लिफ्टमध्ये उभे राहू नये; खालून पाठवावे व वरच्या मजल्यावर दुसऱ्याने उतरवून घ्यावे.

रात्रीच्या कामाबाबत विभागाने स्पष्ट भूमिका घ्यावी. येल विद्यापीठात एप्रिल २०११ मध्ये रात्री यंत्रशाळेत एकटीच काम करणाऱ्या विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकून तिचा मृत्यू झाला. रात्री काम बंद करावे असा हुकूम आपल्याकडे टिकणार नाही, कारण दिवसा उपकरण मिळत नाही ही खरी अडचण आहे. त्याऐवजी कामांचे दोन भाग करावेत: लिहिणे, मोजणी, सूक्ष्मदर्शकाचे काम एकट्याने चालेल; फिरती यंत्रे, दाब, ज्वलनशील वायू, आपोआप पेटणारी किंवा तीव्र विषारी द्रव्ये यांसाठी आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर दुसरी व्यक्ती असलीच पाहिजे.

ज्यांना वेगळा कायदा आहे ती कामे

किरणोत्सारी स्रोत आणि क्ष-किरण यंत्रे यांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. मंडळाने मान्यता दिलेला विकिरण सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, आणि तो सोडून गेला की दुसरा नेमून कळवावे लागते. काम करणाऱ्यांना टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला मिळालेली किरणोत्साराची मात्रा नोंदवणारा बिल्ला, द्यावा. कामगारासाठी या मात्रेची मर्यादा सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. बॅज घरी विसरणारा आणि तो यंत्राजवळच लटकवून जाणारा, दोघांच्याही नोंदी निरुपयोगी असतात.

जनुकीय बदल केलेल्या जीवांवर काम असेल तर १९८९ च्या नियमांनुसार संस्थात्मक जैवसुरक्षा समिती हवी, तीत जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी हवा, आणि प्रयोग सुरू होण्यापूर्वी तिच्यापुढे यायला हवा. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांनी पिवळा, लाल, पांढरा व निळा असे रंग ठरवून दिले आहेत. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक साठवू नये, आणि सूक्ष्मजीवांचे संवर्धन बाहेर जाण्यापूर्वी जागेवरच निर्जंतुक करावे.

रासायनिक घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत सुविधेकडेच पाठवावा आणि पाठवल्याची पावती विभागाच्या नस्तीत ठेवावी. मोरीत ओतणे हा पर्याय नाही, मग ते ‘थोडेसेच’ असले तरी. नायट्रिक आम्ल असलेला कचरा सेंद्रिय कचऱ्यात मिसळू नये. अशी बंद बाटली काही तासांनी फुटते, बहुधा रात्री, आणि ही विद्यापीठांत वारंवार घडणारी गोष्ट आहे.

अग्निसुरक्षेबाबत महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. विभागप्रमुखाने त्याची प्रत मागून घ्यावी. प्रत मिळत नसेल, तर तोही एक निष्कर्षच आहे. दरम्यान दारामागचे कपाट हलवणे, बाहेर पडण्याच्या दाराचे कुलूप काढणे आणि जिन्याखालचा पुठ्ठा उचलणे यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

वायूचे सिलिंडर नेहमी उभे, भिंतीला साखळीने बांधलेले आणि वाहतुकीच्या वेळी टोपी लावलेले असावेत. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल किंवा ग्रीस लावू नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डिसेंबर २०१८ मध्ये हायड्रोजनच्या सिलिंडरच्या स्फोटात एका संशोधकाचा मृत्यू झाला. देशातील अग्रगण्य संस्थेत जे घडू शकते ते आपल्या विभागात घडणार नाही असे मानण्यास आधार नाही. ज्वलनशील वायूचे सिलिंडर शक्यतो इमारतीबाहेर ठेवून नळीने आत आणावेत, आणि संवेदक बसवावा.

थोडक्यात हुकलेले अपघात

फुटलेला चंबू, डोळ्याजवळून गेलेला शिंतोडा, फ्यूम हूडमध्ये विझवलेली छोटी आग या गोष्टी सांगितल्या जात नाहीत, कारण सांगणाऱ्याला बोलणी खावी लागतात. यासाठी भांडाराजवळ एक वही ठेवावी, नाव लिहिण्याची सक्ती करू नये, आणि महिन्यातून एकदा विभागाच्या परिसंवादापूर्वी दहा मिनिटे त्या नोंदी वाचाव्यात. वही सहा महिने कोरी राहिली तर विभाग सुरक्षित झाला असे समजू नये. डोळे धुण्याचा नळ मात्र दर आठवड्याला दोन मिनिटे चालवून पाहावा. तसे केले नाही तर गरज पडेल तेव्हा त्यातून गंजाचे पाणी येते. रसायन डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे धुवायचे असते, आणि तेवढा वेळ धीर देणारा दुसरा माणूस लागतो.

निघून जाणाऱ्याचा हिशेब

संशोधकाला पदवीपूर्वी ग्रंथालय, वसतिगृह आणि लेखा विभागाकडून ना-देय प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याच अर्जात प्रयोगशाळेची एक ओळ वाढवावी. ती भरण्यासाठी विद्यार्थ्याने आपल्या नावावरील प्रत्येक बाटली, नमुना, सिलिंडर आणि शीतकपाटातील डबा दाखवावा. जे पुढे लागणार आहे त्यावर नव्या जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे आणि उरलेले टाकाऊमध्ये पाठवावे. ग्रंथालयाचे एक पुस्तक परत न करणाऱ्याची पदवी आपण अडवतो, तर लेबल नसलेल्या वीस कुप्या ठेवून जाणाऱ्याची सही अडवणे मुळीच कठोर नाही.

प्राध्यापकाच्या निवृत्तीसाठी हेच काम सहा महिने आधी सुरू करावे, कारण तीस वर्षांचा साठा एका आठवड्यात आवरत नाही आणि सायनाइडची बाटली कोणत्या कुलपात आहे हे त्यांनाच आठवते. विभागप्रमुख बदलताना प्रभार हस्तांतरणाच्या कागदाला घातक वस्तूंची यादी जोडावी आणि दोघांनी कपाटे एकत्र फिरून पाहिल्यावरच त्यावर सही करावी. इतके करूनही एखादी बेनाव बाटली सापडलीच, तर ती उघडू नये, हलवू नये, वास घेऊन ओळखण्याचा प्रयत्न करू नये. छायाचित्र घ्यावे, जवळ फलक लावावा, सुरक्षा अधिकाऱ्याला कळवावे, आणि ती नेली जाईपर्यंत यादीत तिच्यासमोर विभागप्रमुखाचे नाव लिहावे.